लोहारसाळ मांडायची तर : पेडणे-डिचोलीच्या जुन्या साळींवरून नवशिक्यांसाठी

अलीकडे मंडळाच्या बैठका संपल्या की एखाद-दुसरा तरुण थांबतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो : "सर, ऐरण कुठं मिळेल?" मोबाइलवर परदेशी लोहारांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांतली शिंगवाली ऐरण, गॅसची भट्टी, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या वीस-पंचवीस सांडशा डोळ्यांसमोर असतात. या हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट आनंदच आहे. पण प्रश्न उलट्या टोकाकडून सुरू होतो. आपल्या भागातल्या जुन्या साळी पाहिल्या तर क्रम वेगळा दिसतो. आधी जागा, मग आग, मग वारा, आणि ऐरण त्यानंतर. सांडशी तर लोहार स्वतःच करतो, ती विकत घ्यायची वस्तूच नव्हे.

मी शिक्षणानं यांत्रिकी अभियंता. खाणीवरच्या यंत्रांच्या देखभालीत नोकरीची बरीच वर्षं गेली, इतिहासाकडे नंतर वळलो तो आपला आपणच. त्यामुळे बंद पडलेली साळ दिसली की माझा हात आधी टेपकडे जातो. नळीचं तोंड तळापासून किती उंच, आगीपासून ऐरण किती पावलांवर, कौलांना धुराची वाट कुठं, ही मापं कुठल्याही दप्तरात मिळत नाहीत. ती जमिनीत असतात, आणि जमीन सपाट करून वर स्लॅब पडला की गेली. पुढे जे सांगतो आहे ते या मोजमापांतून, मेस्तांकडून ऐकलेल्यातून आणि थोडंफार धातुशास्त्रातून.

थोडा इतिहास आधी, कारण त्याशिवाय मांडणी कळत नाही. गोव्याच्या लोहारांची कीर्ती जुनी आहे. १५१० मध्ये गोवा घेतलेल्या आफोंसो द आल्बुकेर्कनं १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला कळवलं की इथले कारागीर बोहेमियातल्यांच्या तोडीच्या बंदुका करतात. बोहेमिया म्हणजे त्या काळच्या युरोपातलं बंदुकांसाठी नावाजलेलं ठिकाण. अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये गावकऱ्यांनी ज्या सेवकांना जमीन द्यायची त्यांत सुताराबरोबर लोहारही आहे. फोराल तिसवाडीकडचा, जुन्या काबिजादीतला. आपला मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो फार उशिरा, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी सावंतवाडीकरांचा अंमल, म्हणून इथं लोहार हा बलुतेदार. त्याचं काम बंदुकांचं नव्हे तर फाळ, कुदळ, कोयता, विळा, पहार, घरातली आडोळी आणि रेंदेराची काती. वर्षभर दुरुस्ती करायची आणि सुगीला भात घ्यायचं. थोडक्यात, आपल्या साळी धार लावणाऱ्या, फाळ शेवटणाऱ्या, लहान आगीच्या साळी होत्या. नवशिक्याला हवी ती नेमकी हीच साळ.

एक गैरसमज इथंच दूर करतो. डिचोलीत लोहखनिज आहे म्हणून इथले लोहार खनिजापासून लोखंड करत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. शिरगाव-पिसुर्लेचं खनिज १९५० च्या दशकापासून बार्जमधून मुरगावला आणि तिथून जहाजानं जपानला जात होतं. त्याच गावांतला लोहार मात्र पट्टी किंवा भंगार विकत आणून काम करायचा. खाणींनी त्याला खनिज दिलं नाही, ट्रकचे मोडके पाटे मात्र ढिगानं दिले. या पाट्यांकडे पुढे येतोच.

आता जागा. जुनी साळ पाहणाऱ्याला पहिल्यांदा खटकतो तो तिथला अंधार. छप्पर खाली उतरलेलं, खिडकी नाही किंवा छोटी. गरिबी म्हणून तसं केलं असेल असा समज होतो. तसं नाही. लोखंड किती तापलं हे लोहार रंगावरून ओळखतो, आणि भर उन्हात रंग दिसत नाही. सावलीत जे लोखंड पिवळं दिसतं ते उघड्यावर जेमतेम लाल वाटतं, मग माणूस आणखी तापवतो आणि जाळून टाकतो. म्हणून अंगणात, आंब्याखाली भट्टी मांडू नका. तीन बाजूंनी आडोसा आणि वर मंगलोरी कौलं असलेली पडवी उत्तम. झावळ्यांचं छप्पर नको, ते का हे सांगायला नको. आगीच्या बरोबर वर कौलांच्या दोन ओळी उचलून धुराला वाट ठेवा. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. पावसाळ्यात झड आत येते म्हणून लोक ताडपत्री लावून सगळं बंद करतात, तेव्हा हा धोका सगळ्यांत मोठा. डोकं जड झालं की काम सोडून बाहेर यायचं, आणि आगही एकटी तशीच जळत ठेवायची नाही.

जमीन मातीचीच ठेवा. काँक्रीटवर तापलेला तुकडा पडला तर आतल्या ओलीची वाफ होऊन कपची उडते, डोळ्याच्या दिशेनंही. मात्र माती आजूबाजूपेक्षा वीतभर तरी उंच हवी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सखल जागेतल्या भट्टीच्या खड्ड्यात पाणी खालून येतं. जुन्या साळींना चिऱ्याचा जोता असायचा तो एवढ्यासाठी.

आगीचा खड्डा. मी मोजलेल्या साळींत तो एक वीत रुंद आणि तेवढाच किंवा थोडा कमी खोल आहे. नवशिका नेहमी मोठा खड्डा करतो. मोठ्या खड्ड्यात कोळसा जास्त जळतो, लोखंड तेवढंच तापतं. बाहेरून चिरे रचले तरी चालतील, पण आतल्या बाजूला चिरा उघडा ठेवू नका. चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि एकदम तापला की तडकतो. आत तीन बोटं जाडीचं लिंपण करा : वारुळाची माती, भाताचा तूस, थोडं शेण. वारुळाची माती चिकट आणि बारीक, आगीला चांगली टिकते, म्हणूनच ओतकाम करणारेही ती वापरत आले आहेत. आपल्याकडे रोयण म्हणजे सातेरी, तेव्हा जितं वारूळ कोणी फोडत नाही. पावसात ढासळलेल्याची माती आणतात. तेच बरं. लिंपण सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, मग दोन-तीन दिवस अगदी मंद आग. घाई केली तर भेगा पडणारच.

खरी गोम आहे ती वाऱ्याच्या नळीत. आपल्याकडे वारा बाजूनं येतो. परदेशी भट्टीत तो बऱ्याचदा खालून येतो, कारण ती दगडी कोळशासाठी केलेली असते. लाकडी कोळशाला बाजूचा वारा मानवतो. राख खाली साठत राहते आणि वाट अडवत नाही. नळीचं तोंड खड्ड्याच्या तळापासून तीन इंचांवर, भोक पाऊण ते एक इंच. तोंडाच्या वर किमान चार-पाच इंच कोळसा हवा. लोखंड नळीच्या तोंडासमोर धरायचं नाही. तिथं न जळलेला प्राणवायू असतो, तो लोखंड खातो आणि काळे पापुद्रे सुटत जातात. तोंडापासून दोन-तीन इंच वर, कोळशाच्या पोटात, आडवं ठेवायचं आणि वर कोळशाचं पांघरूण. टोक खाली खुपसून तिरपं धरलं की टोक जळतं आणि मधला भाग थंड राहतो. नव्या माणसाच्या बहुतेक तक्रारी, "लोखंड तापतच नाही", "टोक फुलबाजीसारखं जळतं", या एका गोष्टीनं मिटतात.

नळीसाठी साधा काळा पाइप घ्या आणि त्यावर मातीचा जाड थर द्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप भट्टीत कधीच नको. जस्ताची वाफ छातीत गेली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. भंगारातल्या मुलामा दिलेल्या कुठल्याही तुकड्याला हाच नियम.

वाऱ्यासाठी पूर्वी कातड्याचा भाता, मग हातानं फिरवायचा पंखा आला, आता विजेचा ब्लोअर. भाता आज करून देणारा शोधणं कठीण, पण हाताचा पंखा अजून मिळतो आणि नवशिक्यानं तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. विजेचा पंखा तुम्ही बोलत उभे राहिलात तरी वारा देत राहतो आणि तेवढ्यात काम जळतं. हाताचा पंखा तुम्ही थांबलात की थांबतो. विजेचाच घ्यायचा असेल तर नळीवर सरकती झडप बसवा आणि बहुतेक वेळ ती अर्ध्याहून अधिक बंद ठेवा. लाकडी कोळशाला वारा फार थोडा लागतो. ठिणग्या कारंज्यासारख्या उडत असतील तर वारा जास्त आहे. दिसायला छान, पण पैसे उडत असतात.

कोळसा कुठला? झाड तोडायला परवानगी लागते, १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तेव्हा जंगलाचा विचार सोडा. आपल्याकडे करवंटी आहे. करवंटीचा कोळसा घट्ट, धग मोठी, राख कमी. सोनारही तो वापरत. जुन्या पिंपात करवंट्या पेटवा. सुरुवातीचा दाट पांढरा धूर विरळ निळसर झाला की वरून झाकण, कडेला माती लावून वारा पूर्ण बंद, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. फोडून सुपारीएवढे ते लिंबाएवढे तुकडे करा, चुरा चाळून टाका. मोठं काम असेल तर लाकडी कोळसा विकत आणून त्यात करवंटीचा मिसळा. काजूच्या बियांची टरफलं मात्र जाळायची नाहीत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला लागतो, काजूच्या हंगामात काम करणाऱ्या पेडणेकरांना मी हे काय सांगणार! दगडी कोळसा शेजाऱ्यांशी भांडण लावतो. पिवळा धूर, गंधकाचा वास आणि खाली खंगर. सुरुवातीला नकोच.

आता ती ऐरण. आपली जुनी ऐरण शिंगाची नव्हे. चौकोनी ठोकळा, लाकडाच्या ओंडक्यात बसवलेला आणि ओंडका जमिनीत पुरलेला. लोहार खाली बसून काम करायचा, समोर घण मारणारा उभा. बसणारा काम फिरवतो, लहान हातोडीनं कुठं मारायचं ते दाखवतो, आणि घणवाला तिथं घाव घालतो. दोन माणसांची ही मांडणी आहे. तुम्ही एकटे असाल तर ती जशीच्या तशी उचलू नका. उभे राहून काम करा, आणि उभं राहून हात सैल सोडल्यावर मुठीची हाडं जिथं टेकतात तेवढ्या उंचीवर ऐरणीचं डोकं ठेवा. उंच झाली तर खांदा जातो, खाली झाली तर कंबर.

ठोकळा म्हणून रेल्वेचा रूळ चालतो. फक्त तो बिल देणाऱ्या भंगारवाल्याकडूनच घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि "मला माहीत नव्हतं" चालत नाही. बहुतेक जण रूळ आडवा ठेवतात आणि त्याची घंटा वाजत राहते, कारण घावाखाली त्याची पातळ कंबर असते. दीड फुटाचा तुकडा उभा पुरा. मीटरला ६० किलोच्या रुळाचा दीड फूट म्हणजे सुमारे २७ किलो, ५२ किलोच्याचा जवळपास २४. काम करायला वर पावणेतीन इंचांपर्यंतच रुंदी मिळते, पण सगळं वजन घावाच्या सरळ खाली येतं. कोयत्याला, सांडशीला एवढी जागा पुरते. त्याहून बरं म्हणजे खाणीच्या भंगारातला जाड शाफ्ट : चार इंच व्यासाचा दीड फुटी तुकडा २८-२९ किलो भरतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा यंत्रं जागच्या जागी गंजत उभी राहिली, आणि डिचोलीच्या भंगारवाल्यांकडे असा माल दिसू लागला. ज्या यंत्रांवर मी हात काळे केले त्यांचेच ते तुकडे. असो.

ठोकळ्याची परीक्षा सोपी आहे. बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडा. सहा-सात इंच उसळली तर ठोकळा चांगला. दोन-तीन इंचांत मेली तर लोखंड मऊ आहे, तुमची मेहनत तोच पिऊन टाकणार. ओंडका चिंचेचा मिळाला तर दुसरा बघू नका. दोन फूट जमिनीत पुरून भोवती मुरूम ठासून भरा. आग आणि ऐरण यांत एकच पाऊल ठेवा. दहा मिलिमीटरची सळी पिवळ्यावरून काळपट लालावर यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तीन पावलं चालत गेलात तर त्यातले निम्मे संपले.

हत्यारं थोडक्यात. किलोभराची एक हातोडी, तोंड कडेनं गोलसर घासलेलं, नाहीतर प्रत्येक घावाला कोर उमटते. घण सोबती असेल तरच. एक छिणी, एक सुंबा, एक मोठी कानस, पाण्याची बालदी, चष्मा. कपडे सुती. नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं. हातोडीला भरीव बांबूचा दांडा बसवला तर हाताला हादरा कमी बसतो. सांडशी पहिल्या महिन्यात लागतच नाही. दोन फुटांची लांब साधी सळी घ्या, एक टोक आगीत, दुसरं हातात. आधी टोक काढा, मग चपटं करा, मग आकडा वळवा. असे दहा-वीस आकडे झाले की पहिली सांडशी स्वतः करा. ती वाकडी होईल, पण तोंड तुमच्या कामाच्या जाडीचं असेल, आणि बाजारातल्या सांडशीचं ते कधीच नसतं. बांधकामाची दातेरी सळी शिकायला घेऊ नका, तिची सालं आतल्या गाभ्यापेक्षा कडक असतात आणि घावाचा अंदाज येत नाही.

रंगांचं गणित असं. सावलीत लालबुंद म्हणजे ८०० ते ८५० अंश, नारिंगी ९५० ते १०००, पिवळा ११०० च्या वर. ठोकायचं ते नारिंगी-पिवळ्यात. काळपट लालाखाली गेलं की थांबायचं, तेव्हा मारलेला घाव पोलादात भेग पाडतो. पांढरं होऊन ठिणग्या सुटल्या तर तो भाग गेला, कापून टाका.

आणि आता पाटा. ट्रकच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के असतो, सोबत बऱ्याचदा सिलिकॉन. कोयत्याला याहून चांगलं आणि स्वस्त पोलाद आपल्याकडे नाही. जुने लोहार मऊ लोखंडात पोलादाची धार बसवत, कारण पोलाद महाग होतं. पाटे आले आणि ती कला मागे पडली. पाटा वापरून थकलेला असतो, तेव्हा घासून भेगा पाहा आणि भोकाजवळचा भाग टाळा.

पाणी पाजणं हा साळीतला सर्वांत नाजूक भाग. घडाई झाल्यावर धार हळूहळू तापवा आणि मधूनमधून लोहचुंबक लावून पाहा. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. तिथून रंग आणखी किंचित उजळू द्या आणि मग बुडवा. पाट्याला पाणी फार कडक पडतं, कोमट तेल बरं. तेलाचा डबा धातूचा, झाकणासह, आगीपासून दूर. पोकळ नळी तापवून कधी बुडवू नका, वाफ दुसऱ्या टोकानं हातावर येते. जुने मेस्त पाण्यातच पाजायचे, पण फक्त धार, तीही क्षणभर, पाठ बाहेर ठेवून. मग धार दगडावर घासून उजळायची आणि पाठीची उरलेली उष्णता धारेकडे सरकताना रंग पाहत बसायचं : फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हे रंग २२० ते ३०० अंशांमधले आहेत, आगीतल्या रंगांशी त्यांचा संबंध नाही. वस्तऱ्याला पिवळा चालतो. नारळ आणि रान तोडणाऱ्या कोयत्याला जांभळा हवा, नाहीतर पहिल्याच गाठीवर धारेचा दात पडतो. प्रयोगशाळेत तापमापक लावून जे करतात तेच हे, फक्त तापमापकाच्या जागी डोळा.

पैशांचंही बोलू. ज्यांच्या घरात हा धंदा आहे आणि जे स्वतः तो करतात त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, प्रशिक्षण आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर मिळतं. माझा सल्ला, त्यातून हाताचा पंखा, चांगली कानस, हातोडी आणि चष्मे घ्या. खड्डा, ओंडका, ठोकळा यांना व्हाउचर लागत नाही. हौशी मंडळींना ही योजना लागू नाही. त्यांनी बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय पाहून यावं, जुन्या हत्यारांचे आकार तिथं डोळ्यांत भरतात.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. हवा कोरडी होत जाते आणि मेपर्यंत हात बसतो. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी सुरू झाली आणि मृगाची चाहूल लागली की गावात कोयते, कुदळी शेवटायला माणसं शोधत फिरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नवा कोयता मिळतो, जुन्याला पाणी देणारा मिळत नाही. पावसाळ्यात हत्यारांना खोबरेल चोळून ठेवा, कोळसा पत्र्याच्या डब्यात. ओला कोळसा तडतडून तोंडावर उडतो.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. तुमच्या वाड्यावर बंद साळ असेल तर घरच्यांना विचारून सहा मापं घ्या : खड्ड्याची रुंदी, त्याची खोली, नळीच्या तोंडाची तळापासूनची उंची, नळीचं भोक, आगीपासून ऐरणीचं अंतर, आणि ऐरणीची जमिनीपासूनची उंची. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. घरात कोणी म्हातारे मेस्त असतील तर नळी त्याच उंचीवर का बसवली ते त्यांना विचारा, आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून मंडळाकडे पाठवा. पेडण्याच्या बाजूच्या काही नोंदी आपल्याकडे आल्या आहेत. डिचोलीच्या अजून यायच्या आहेत.